बेंबी सरकलेली मुलगी

माझ्या घरच्यांना माणसाच्या शरीरातला एकच अवयव नीट ठाऊक होता, तो म्हणजे बेंबी. हृदय, फुप्फुसं, मेंदू वगैरे गोष्टी शाळेच्या पुस्तकात असतात आणि परीक्षा झाली की संपतात, असा त्यांचा समज होता. पोट दुखलं, बेंबी सरकली. जेवण जाईना, बेंबी सरकली. पोरगी बोलता बोलता रडायला लागली, बेंबीच सरकली असणार. आठवीपासून मॅट्रिकपर्यंत माझी बेंबी इतक्या वेळा सरकली आणि इतक्या वेळा जागेवर बसवली गेली, की एवढा प्रवास आमच्या घरातल्या दुसऱ्या कुणीच केला नव्हता.

हे सगळं अंबरनाथला घडलं, पन्नास सालाच्या पुढेमागे. शिवमंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाबा मूळचे मांजर्लीचे, शेतकऱ्याचं पोर. सातवीची फायनल पास होऊन ते इथल्या एका कारखान्यात कारकून म्हणून लागले, पायात बूट आले, आणि तेव्हापासून आपण सगळ्या भावकीच्या पुढे निघून गेलो आहोत अशी त्यांची खात्री झाली. त्या पुढे जाण्याचा पुरावा म्हणजे मी. मुलीला हायस्कुलात घातलं आहे, हे ते भेटेल त्याला सांगायचे. दूधवाल्याला सांगून झालं होतं, स्टेशनावरच्या हमालालाही. त्या शिक्षणाला घरात एक अट होती, ती मात्र ते बाहेर कुणाला सांगत नसत. एकदा जरी नापास झाली तर त्याच दिवशी शाळा बंद, आणि वांगणीकडचं स्थळ आहेच.

हे वाक्य ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं, रागात बोललेलं माणूस विसरतं. ते जेवण झाल्यावर, ताकाचा शेवटचा घोट घेऊन, मिशी पुसत म्हणायचे. वांगणीकडचं स्थळ म्हणजे एका भातगिरणीवाल्याचा मुलगा. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत, आणि तेव्हा तो वाढप्याला हाका मारून अजून लाडू मागत होता. माणूस वाईट नसेलही. पण मला भूमिती आवडत होती, आणि भातगिरणीत भूमिती नसते.

आठवीत गेल्यावर पोटाचं सुरू झालं. सकाळी बाबांच्या बुटांचा आवाज कानावर आला की बेंबीच्या वर मुठीएवढं काहीतरी आवळायचं. तळहात ओले आणि गार पडायचे. छाती अशी धडधडायची की पोलक्याचं कापड हलताना दिसायचं. घेतलेला चहा बाहेर यायचा. वर्गात मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं की कानात शिट्टी वाजायला लागायची आणि येत असलेलं उत्तरसुद्धा घशातच राहायचं. रविवारी यातलं काही नसायचं. रविवारी मी भाकरीवर भाकरी खायचे आणि दुपारी पाय ताणून झोपायचे. एखाद्या शहाण्या माणसाला एवढ्यावरून काहीतरी कळलं असतं. चुकलीस तर संपलीस, असं ज्या पोरीला उठता बसता ऐकवलं जातं, तिचं पोट आवळतं, हे समजायला वैद्यकी शिकावी लागत नाही. पण हे समजलं असतं तर बाबांच्या अटीकडे बघावं लागलं असतं. त्यापेक्षा बेंबीकडे बघणं सगळ्यांच्या सोयीचं होतं.

बेंबीची जाणकार आमच्याच घरात होती, बाबांची थोरली बहीण. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. मांजर्लीच्या घरात एका पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी शिरलं आणि भिंत बसली, तेव्हा आत्या दोन हंडे आणि एक पाटा घेऊन आमच्याकडे आली ती राहिलीच. घरात तिला कामधंदा असा नव्हता, आईच्या हाताखाली राहणं तिला मानवत नव्हतं. मग तिने आपला मान बेंबीतून मिळवला. आसपासच्या बायका आपापली पोरं घेऊन तिच्याकडे यायच्या, ती दारात बसून त्यांची पोटं चोळायची, आणि जाताना कुणी अंडी, कुणी पडवळ ठेवून जायचं. बाहेरची गिऱ्हाइकं रोज कुठून येणार? घरातलं गिऱ्हाईक मी होते.

तिची पद्धत ठरलेली होती. मला चटईवर उताणं निजवायचं. काळ्या दोऱ्याचं एक टोक बेंबीवर अंगठ्याने दाबून धरायचं आणि दुसरं उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत ताणायचं. तिथे चिमटीत धरलेला दोरा तसाच डाव्या पायाकडे न्यायचा. दोन्हीकडे सारखा पोचला तर बेंबी जागेवर, कमीजास्त झाला तर सरकलेली. माझा दोरा दरवेळी कमीजास्त व्हायचा. डाव्या पायाच्या अंगठ्यापुढे तो अर्धं बोट उरायचाच. मग आत्या "बघ, म्हटलं नव्हतं?" अशा नजरेने आईकडे बघायची, तेलाचा हात घ्यायची, आणि जिथे आधीच मूठ आवळलेली असायची तिथे आपली मूठ रुतवायची. त्यानंतर कणकेच्या चकतीवर पेटती वात पोटावर ठेवून तिच्यावर तांब्या पालथा घालायचा. तांब्या पोटाला चिकटून बसायचा. मी ओरडले की आत्या म्हणायची बेंबी वर येते आहे, आणि गप्प राहिले की म्हणायची बसते आहे. शेवटी डाव्या पायाचा अंगठा धरून एक जोराचा हिसका. पुन्हा दोरा लावला की तो बरोबर यायचा, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. माझ्या हातात गूळ-भाकरी दिली जायची, कारण बसलेली बेंबी रिकाम्या पोटी पुन्हा उठते म्हणे. त्या भाकरीचं पुढे शाळेच्या वाटेवर काय व्हायचं ते नाल्याकाठच्या कुत्र्यांना ठाऊक होतं.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण बेंबी पुन्हा सरकू नये म्हणून दोन्ही पायांच्या अंगठ्यांना काळा दोरा बांधायचा असतो. शिवाय पळायचं नाही, दोरीवरच्या उड्या मारायच्या नाहीत, फुगडी नाही, कळशी उचलायची नाही, वाकून झाडायचं नाही. शेवटची दोन मला मंजूर होती. बाकीच्यांनी मात्र मला पार बाजूला काढलं. मधल्या सुट्टीत मुली लंगडी खेळायच्या आणि मी पायरीवर बसून त्यांच्या चपलांची राखण करायचे. पायातले दोरे झाकायला माझ्याकडे बूट नव्हते, बूट घरात एकाच माणसाला होते. कवायतीच्या मास्तरांनी एकदा सगळ्या रांगेसमोर विचारलं, "पायाला कुणाची दृष्ट लागते गं?" सगळी रांग हसली. त्यांच्या स्वतःच्या बोटात मंगळासाठी पोवळ्याची अंगठी होती, ती घालून ते आम्हाला अंधश्रद्धेवर व्याख्यान देत होते. मला हसू आलं नाही. मला शौचाला जायची घाई झाली होती आणि ते मागायची हिंमत नव्हती.

त्या काळात फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प नुकता वसत होता. उल्हासनगर हे नाव पाटीवर आलं होतं, आमच्या तोंडात नव्हतं. तिथून एक सिंधी बाई पापडांची टोपली घेऊन घरोघर फिरायची. आमच्या आत्याचं तिच्याबद्दल मत वाईट होतं, तसं ते सगळ्या कॅम्पाबद्दलच वाईट होतं. ती आली की आत्या हंड्यावर झाकण ठेवायची, जसं काही बाई दारातूनच पाणी पिऊन जाणार होती. ज्यांचं घरदार, गाव, सगळंच गेलं होतं त्यांच्याकडे बघून नाक मुरडणारी ही बाई स्वतः एक भिंत पडली म्हणून भावाच्या घरी आलेली होती, पण हे तिला सांगणार कोण?

तर एके सकाळी मी चटईवर पडले आहे, पोटावर तांब्या चिकटला आहे, आणि पापडवाली दारात येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "इसकी धरण गिरी है ना?"

आत्याला शब्द कळला नाही. पण बाईने आपल्या पोटावर बोट ठेवलं, ते बाजूला सरकवलं, आणि आत्याचा चेहरा उजळला.

"बघ गो," ती आईला म्हणाली, "त्यांच्यातपण असतं! शाणी बाय हाय ही."

मग त्या दोघी माझ्या पोटाच्या दोन बाजूंना बसल्या आणि एकमेकींची भाषा न समजता तासभर बोलल्या. पापडवालीने तळहात जोडून करंगळ्यांच्या रेघा जुळतात का ते बघायची आपल्याकडची रीत दाखवली, आत्याने दोऱ्याची. इतक्या मोठ्या उलथापालथीतून, एवढा मुलूख ओलांडून या बाईने सोबत काय आणलं, तर हे. आणि आमच्या आत्याने तिच्यातलं ओळखलं काय, तर तेही हेच. त्या दिवसापासून हंड्यावरचं झाकण गेलं, आणि माझ्या पोटावर दोन राष्ट्रांचं एकमत झालं. तांब्या काढायचं त्या गडबडीत दोघी विसरल्या होत्या. पोटावर उठलेलं लाल वर्तुळ पुढे चार दिवस जात नव्हतं.

बाबांना मात्र आपण सुशिक्षित आहोत हे मधूनमधून आठवायचं. तसं ते नववीच्या वर्षी आठवलं, आणि ते मला कॅम्पातल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले. लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाट लावून दवाखाना केलेला होता. डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढली, आणि मला एकही प्रश्न विचारला नाही. पुढे जे बोलले ते बाबांशी.

"लड़की वीक है. कितने साल की है? शादी बना दो, सब ठीक हो जाएगा."

बाबांनी अशी मान डोलावली की जणू हे त्यांच्याच मनात होतं आणि इंग्रजी शिकलेल्या माणसाने त्यावर शिक्का मारला. येताना आम्ही टॉनिकची एक बाटली आणली. त्याची चव गंजलेल्या खिळ्यासारखी होती. ते घेतल्याने पोट अजूनच बिघडलं, म्हणजे बेंबी अजूनच सरकू लागली. आणि बाबांच्या अटीला त्या दिवसापासून एक पुरवणी जोडली गेली. "हे पोटाचं असंच राहिलं तर मॅट्रिकला बसून करायचं काय? दुखणाईत पोरीला कोण करून घेईल? वेळेवर उरकलेलं बरं."

म्हणजे आता भीती वाटून पोट आवळायचं, आणि पोट आवळलं म्हणून भीती खरी व्हायची. मी दुखणं लपवायला लागले. चहा ओकायचा तो मोरीत नाही, घरामागे. कळ आली की ओठ चावून पुस्तक तोंडासमोर धरायचं. पण आत्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलत नसे. "पांढरी पडलंय पोर," म्हणायची, आणि दोरा काढायची.

अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत मला एक साधी गोष्ट सुचली. ती आधी सुचली नाही याची मला अजून चीड येते. आत्या दोरा लावायची ती फक्त मला दुखत असताना. दुखत नसताना कधी कुणी मोजलंच नव्हतं. सुट्टीत माझं पोट अगदी गुण्यागोविंदाने नांदत होतं. सगळे दुपारचे झोपलेले पाहून मी आतल्या खोलीत भिंतीला पाठ टेकून पाय लांब करून बसले. दोन्ही टाचा एका रेषेत यायला हव्या होत्या. डावी मागे राहत होती. मी पुन्हा नीट बसले, पुन्हा तेच. मग आत्याच्याच रिळातला दोरा घेतला आणि कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत एकेक पाय मोजला. प्रत्येक मापाला गाठ मारली. दोन गाठींमध्ये अर्ध्या बोटाचं अंतर होतं.

बेंबी जन्मापासून होती तिथेच होती. माझा डावा पाय आखूड होता.

इतकी वर्षं या लोकांनी माझं पोट तुडवलं, मला पायरीवर बसवून ठेवलं, पायात दोरे बांधून शाळेत माझं हसं केलं, आणि कारण काय, तर माझे दोन पाय सारखे आहेत की नाहीत हे बघायचं कुणाला सुचलं नाही. माझ्या परकराची एक बाजू नेहमी वर राहायची. त्यावरून आई मला रोज बोलायची, "नेसायचंसुद्धा धड येत नाही." शिंप्याला बोलून झालं होतं, नाडीला बोलून झालं होतं. पायाकडे कुणी पाहिलं नाही. आणि आत्याचा तो शेवटचा हिसका! हिसका दिला की डाव्या बाजूची कंबर खाली घसरायची आणि दोरा बरोबर यायचा. मी उठून दोन पावलं चालले की कंबर परत जागेवर आणि बेंबी परत गावाला.

मला इतका आनंद झाला की मी तशीच आईकडे धावले. तिला उठवलं, दोन गाठींचा दोरा दाखवला, भिंतीशी बसून टाचा दाखवल्या. मला वाटलं होतं आई म्हणेल, बरं झालं, सुटलीस. आईचा चेहरा उतरला. मी पाच-सहा वर्षांची असताना मांजर्लीला पेंढ्याच्या उडवीवरून पडले होते, हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या, ते तिला आठवलं असावं. तिने उठून दार लोटून घेतलं आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं उमटली.

"कुणाला बोलायचं नाही. बाबांना नाही, आत्यांना नाही. लंगडी म्हणतील तुला. समजलं? बेंबी सरकलेली मुलगी खपते. लंगडी खपत नाही."

मी म्हटलं, "अगं, मी लंगडत नाही."

"म्हणून तर म्हणते, गप्प बस."

त्या दिवसापासून माझ्या परकराचा घेर आईने एका बाजूला किंचित खाली सोडून शिवला. तेवढ्यावर तिचं मातृत्व संपलं. पुढची सगळी दोरामापं तिने दारात उभी राहून, तोंडाला पदर लावून पाहिली. आत्या मूर्ख होती म्हणून करत होती, आई सगळं कळून करू देत होती. त्या वयात मला दुसरीची जास्त किळस आली, आणि आजही येते.

मॅट्रिकच्या परीक्षेचं केंद्र कल्याणला होतं. पहिल्या पेपराच्या दिवशी सकाळी मी उठले तीच वाकून. अशी कळ तोवर कधी आली नव्हती. घरामागे जाईपर्यंत दम निघाला नाही, मोरीतच ओकले, सगळ्यांच्या देखत. तोंड धुऊन मी टाक आणि दौत उचलली. बाबा मला घेऊन जाणार होते. बूट घालून झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"आधी दोरा लाव. सरकली असली तर नेत नाही. हिसकेबिसके देऊन गाडीत घालायची आणि पेपराला चक्कर येऊन पडायची, माझी शोभा नको. यंदा राहू दे."

यंदा राहिलं की राहिलंच, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. वांगणीकडचे लोक पाडव्यानंतर येणार होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून बाबा दारात उभे राहिले. आई नेहमीच्या जागी, पदर तोंडाशी. आत्याने चटई पसरली.

मी आडवी झाले. भूमिती मला येत होती. डावा पाय वाढवता येणार नव्हता, पण उजव्या बाजूची कंबर वर ओढून घेतली तर उजवा पाय तेवढाच वर येणार होता. दिवाळीपासून मी हे एकटी असताना करून पाहिलं होतं, पण पोटात कळ नसताना. आता कंबर ओढली की कळ जिथे होती तिथेच पीळ पडत होता. मी डोळे मिटले, दात आवळले आणि कंबर धरून ठेवली. बाबांना वाटलं असेल मी देवाचं नाव घेते आहे.

आत्याचा अंगठा बेंबीवर टेकला. दोरा उजव्या पायाकडे गेला. मग डावीकडे. तिथे तो थांबला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी डोळे किलकिले केले. आत्या माझ्या पायाकडे बघत नव्हती. ती माझ्या कमरेकडे बघत होती.

"काय?" बाबा दारातून म्हणाले. "गाडी जाईल."

आत्याने दोरा सोडला. "बरोबर हाय. बेंबी जागेवर हाय तिची."

"मग ओकली कशाला?"

"वारा धरलाय पोटात. पोरगी परीक्षेला चाललंय, ओकेल नाय तर काय नाचेल? जाऊ दे तिला."

बाबांनी ऐकलं, कारण दोरा बरोबर आला होता. माझं ऐकलं नसतं. आत्या माझ्या पायाशी वाकून बसली आणि अंगठ्याला नवा दोरा बांधायला लागली. तिचं डोकं माझ्या गुडघ्याजवळ होतं. वर न बघता, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात ती म्हणाली,

"कंबर येवढी ओढायची नाय गो. दिसतं."

मी कल्याणला गेले. वाटेत दोनदा खिडकीबाहेर तोंड काढावं लागलं. बाबा दुसरीकडे बघत बसले होते, ओळख नसल्यासारखे. पेपराच्या वेळी कळ होतीच, हात गार होते, पहिल्या पानावरचं माझं अक्षर मलाच ओळखू येईना. पण दुसऱ्या पानावर हात सुटला, आणि पुढच्या पेपरांना मी ओकून घरातून निघाले आणि लिहून परत आले. तेवढे सगळे दिवस आत्याने रोज सकाळी दोरा लावला, आणि रोज तो बरोबर आला. मी कंबर किती ओढायची ते तोवर शिकले होते.

निकाल लागला, मी पास झाले. बाबांनी पेढे वाटले आणि आपण मुलीला कसं शिकवलं ते सगळ्यांना सांगितलं. अटीचा शब्द निघाला नाही. आईने देवापुढे साखर ठेवली. आणि आत्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, "चार वरसं बेंबी जागेवर नव्हती पोरीची. मी बसवली. नायतर कसली मॅट्रिक!" बायका माना डोलावत होत्या. पापडवाली सिंधी बाईसुद्धा आली, तिने माझ्या पोटाकडे बोट करून आत्याची पाठ थोपटली. त्यानंतर आत्याकडे बदलापूरपासून पोरं यायला लागली, आणि मॅट्रिकला बसणारी दोन मुलंही आली.

माझ्या पेटीत दोन गाठींचा दोरा अजून होता. तो बाहेर काढून सगळ्या ओट्यासमोर भिंतीशी पाय लांब करून बसावं, आणि यांच्या सगळ्या शास्त्राचा तिथल्या तिथे निकाल लावावा, असं मला वाटलं. जिभेवर शब्द आलेही. त्या घरात मी सगळ्यांना तुच्छ मानत होते, आणि आत्याला सगळ्यांत जास्त. ते मानण्यात मला फार सुख होतं, त्या सुखावरच मी ती वर्षं काढली होती. आणि त्या घरात मी काय लपवते आहे हे बघून मला वाचवलं ते नेमकं हिनेच. पायाचं तिला कधीपासून ठाऊक होतं, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नसतं. तिला तुच्छ मानायचं माझं सुख तिने त्या एका वाक्यात माझ्या हातून काढून घेतलं होतं, आणि त्याबद्दल मी तिला आजवर पूर्ण माफ केलेलं नाही.

"ये गो," तिने मला ओट्यावरून हाक मारली, "दोरा जुना झालाय तुझा. बदलू दे."

सगळ्या बायका बघत होत्या. मी तिच्यासमोर बसले आणि पाय पुढे केला.